तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये

माणसाला वर उचलण्याचं काम आजवर दोघांनीच केलं आहे: थोर विचारांनी आणि मी. फरक इतकाच की थोर विचारांना वजनाची मर्यादा नसते. मला पाच माणसांची आहे, आणि सहावा शिरला की मी कण्हायला लागते.

मित्रांनो, मी एका सहा मजली इमारतीतली जुनी लिफ्ट आहे. माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे माझ्यासारख्या पुष्कळ बहिणी होत्या. काही इस्पितळांत गेल्या, एक मोठ्या हॉटेलात गेली आणि अजून तिच्या अंगावर गालिचा आहे असं म्हणतात. मला ही इमारत मिळाली. माझं आतलं दार जाळीचं आहे, हाताने सरकवायचं. ते नीट लागलं नाही तर मी हलत नाही, आणि चालू असताना कोणी इंचभर उघडलं तर जिथे असेन तिथे थांबते. हा माझा सुरक्षिततेचा गुण आहे. पुढे याच गुणाने घोटाळा केला.

सुरुवातीची वर्षं कौतुकात गेली. लोक पाहुण्यांना मुद्दाम माझ्यातून वर न्यायचे. नव्या नवऱ्या माझ्या आरशात केस सारखे करायच्या. कितीतरी बाळांना मी इस्पितळातून आल्या दिवशी, दुपट्यात गुंडाळलेली असताना, घरी पोचवलं. त्यांचं वजन मला जाणवायचंही नाही. हीच बाळं पुढे मोठी झाली, त्यांना मिसरूड फुटलं, आवाज फुटले, आणि मग ती इमारतीचा प्रश्न झाली.

पाचव्या मजल्यावर एक मुलगी राहते. आजोबा तिला भिंगरी म्हणतात, म्हणून सगळेच म्हणतात. वय पंधरा. आई दुसऱ्या गावी नोकरीला, महिन्यातून एकदा येते. वडील रात्रपाळीला, दिवसा झोपलेले. आजोबांची उजवी बाजू आजारपणात गेली, ते चाकांच्या खुर्चीत असतात. भिंगरीचे दोन दोस्त: लंब्या आणि त्याची चुलतबहीण चष्मी. तिघं मिळून करायची काय, तर मला तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये आणायची, जाळीचं दार जरासं सरकवायची आणि माझ्या फरशीवर फतकल मारून बसायची. वर भिंत, खाली भिंत. कोणाला दिसत नाही, कोणी पोचू शकत नाही.

मित्रांनो, मी त्यांची बाजू घेत नाही. किल्लीने त्यांनी माझ्या भिंतीवर 'लंब्या गाढव आहे' असं कोरलं, आणि त्याखाली लंब्याने स्वतः 'मान्य' असं कोरलं. दप्तर भिरकावताना माझ्या आरशाला तडा गेला. खालून लोक दार बडवायचे, तेव्हा आत ही खुसूखुसू हसायची. एकदा तर चौथ्या मजल्यावरच्या मावशी, पायाला नवं प्लास्टर, हातात भाजीची पिशवी, अर्धा तास जिन्याच्या पायरीवर बसून राहिल्या. हाका मारून त्यांचा घसा बसला. मी मध्येच लटकलेली. मला कानकोंडं झालं, पण लिफ्टला खाली मान घालता येत नाही.

इमारतीची समिती हात बांधून बसली होती असं कोणी म्हणू नये. समितीने कायम काही ना काही बंद केलं. पहिल्यांदा गाड्यांच्या जागेत चेंडू खेळणं बंद केलं, कारण गाड्यांना चेंडू लागतो. मग मुलं गच्चीवर जाऊ लागली, तेव्हा गच्चीला कुलूप घातलं. मग ती जिन्यात बसू लागली, तेव्हा 'जिन्यात बसू नये' अशी पाटी लागली. मग ती फाटकाशी उभी राहू लागली, तेव्हा 'फाटकाशी घोळका करू नये' अशी लागली. त्यानंतर मुलं कुठे गेली याचा शोध कोणी घेतला नाही, कारण ती दिसेनाशी झाली आणि समितीला यश आल्यासारखं वाटलं. ती माझ्याकडे आली होती.

मावशींच्या प्रकरणानंतर अध्यक्षांनी माझ्या दारावर स्वहस्ते नोटीस चिकटवली: 'अठरा वर्षांखालील मुलांना लिफ्ट वापरण्यास मनाई.' अध्यक्ष म्हणजे सहाव्या मजल्यावरचे काका. माणूस वाईट नाही. फक्त कुठेही गळती दिसली की आधी मुख्य नळ बंद करायचा, अशी त्यांची प्रकृती.

"पण आजोबांना फिरायला कोण नेणार?" भिंगरीने विचारलं.

"आजोबांना पूर्ण परवानगी आहे," अध्यक्ष म्हणाले.

"आणि खुर्ची ढकलायला?"

"ढकलणाऱ्याचं वय अठरा असावं."

"ते व्हायला मला तीन वर्षं लागतील, काका."

"नियम म्हणजे नियम, बाळ."

मग त्या मुलीने काय करावं? संध्याकाळी फिरून आलं की ती आजोबांची खुर्ची माझ्यात लावायची, चाकाचा ब्रेक लावायची, दोन्ही दारं बाहेरून ओढून घ्यायची आणि धूम जिन्याने पळत सुटायची. आजोबांचा डावा हात बटण दाबण्यापुरता चालतो, पण जाळीचं दार सरकवण्याइतकी ताकद त्याच्यात नाही. म्हणून मी पाचव्यावर पोचायच्या आत तिने तिथे पोचायला हवं. आजोबा बटण लगेच दाबत नसत. आधी खोकायचे, चष्मा पुसायचे, तडकलेल्या आरशात स्वतःचे दोन चेहरे बघायचे, मग सावकाश पाच नंबर दाबायचे. मीही जपून जायचे. म्हातारपणाचा एक फायदा असा की हळू चाललं तर ढोंग वाटत नाही. 'लिफ्ट फारच मंदावली आहे' अशा तक्रारी याच काळातल्या. मी त्या मनावर घेतल्या नाहीत. वर पोचले की जाळीपलीकडे ती धापा टाकत उभी असायची. "आलात का? केव्हाची वाट बघतेय!" असं म्हणायची. मग दोघं हसायची.

एका शनिवारी जिना नुकताच पुसलेला होता. तिसऱ्या मजल्यावर तिचा पाय घसरला. मी पाचव्यावर पोचले, थांबले. समोर कोणी नाही. मी थांबून तरी किती थांबणार? सहाव्यावरून कोणी बटण दाबलं की मला जावंच लागतं. तिथे एक गृहस्थ घाईत आत शिरले.

"अरे आजोबा! वर कुठे निघालात?"

"मी निघालेलो नाही. मला पाचव्यावर उतरायचं होतं."

"हो का? मला जरा घाई आहे हो, मी खाली उतरतो, मग तुम्ही या परत वर. काय?"

खाली ते उतरले, तर दुसऱ्या मजल्यावरच्या बाई सामान घेऊन आत आल्या. त्यांना वाटलं आजोबा खाली निघाले आहेत, म्हणून त्या दुसऱ्यावर उतरल्या आणि जाताना सौजन्याने तळमजल्याचं बटण दाबून गेल्या. असं मी त्यांना चुकीच्या पत्त्याच्या पार्सलासारखं वर-खाली फिरवत राहिले. आणि जिन्यातून एक पोर, गुडघा फुटलेला, वर धावतेय, खाली धावतेय, प्रत्येक मजल्यावर जाळीला तोंड लावून "आजोबा! आजोबा!" म्हणतेय, आणि मी नुकतीच पुढे गेलेली. शेवटी तळमजल्यावर गाठ पडली. तिने दार उघडलं आणि त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. रक्त तिच्या सपातेपर्यंत ओघळलं होतं, आजोबा त्याकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळीच एका शेजाऱ्याला सोबत घेऊन आजोबा खाली आले. खुर्ची माझ्या उंबरठ्यावर आली, तेव्हा त्यांनी शेजाऱ्याला तिथूनच पेपर आणायला पाठवलं. खुर्ची अर्धी आत, अर्धी बाहेर, आणि आजोबांनी डाव्या हाताने ब्रेक लावला. दार लागेना. म्हणजे मी हलेना.

थोड्या वेळाने लोक जमू लागले. अध्यक्ष सहा मजले उतरून आले.

"आजोबा, जरा आत सरकता का?"

"नाही."

"मग बाहेर घेऊ का?"

"नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे नाही. तुमच्या पाट्यांवर असतं ना, तेच."

आता गंमत बघा, मित्रांनो. इमारतीत पंधरा वर्षांच्या गैरवर्तनासाठी नियम होते, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या गैरवर्तनासाठी एकही नव्हता. कोणी ओरडलं नाही. कोणी पोलिसांचं नाव काढलं नाही. कोणी पाठीला उशी आणली, कोणी चहा आणला. चहा फिका झाला म्हणून साखरही आली. आणि जो तो वाकून विचारत होता, "काय झालं आजोबा? कोणी काही बोललं का? काही हवंय का तुम्हाला?"

आजोबांनी चहा संपवला.

"एवढे प्रश्न मला विचारलेत," ते म्हणाले. "माझ्या नातीने हीच लिफ्ट अडवली, तेव्हा यातला एक तरी तिला विचारलात?"

चौथ्या मजल्यावरच्या मावशी काठी टेकत पुढे आल्या. भिंगरी जिन्याच्या कठड्याला टेकून उभी होती, गुडघ्याला पट्टी. लंब्या आणि चष्मी तिच्या मागे, लंब्या लपायचा प्रयत्न करत होता आणि त्याला ते उंचीमुळे जमत नव्हतं.

"ये गं इकडे," मावशी म्हणाल्या. "मीच विचारते. का अडवायचात?"

"बसायला."

"लिफ्टमध्ये? बसायला?"

"मग कुठे बसू? गच्चीला कुलूप. खाली गाड्या. जिन्यात पाटी, फाटकावर पाटी."

"घरं नाहीत का तुम्हाला?" अध्यक्ष म्हणाले.

"बाबा रात्रपाळी करून झोपलेले असतात. जोरात हसलं की उठतात. लंब्याकडे त्याचा भाऊ अभ्यास करतो. चष्मीकडे तिची आई असते."

"आई असण्यात काय वाईट आहे?"

"तुम्ही भेटलात का तिला?" लंब्या मागून म्हणाला. चष्मीने त्याला कोपर मारलं.

मावशी हसल्या नाहीत. "त्या दिवशी मी पायरीवर बसले होते. हाका मारत होते. ऐकू नाही आल्या?"

भिंगरी खाली बघत होती. मला वाटलं, आता ही नाही म्हणेल. मलाही तिने नाही म्हणावं असं वाटत होतं.

"आल्या," ती म्हणाली. "आम्हाला सगळेच ओरडतात. त्यातलंच कोणी असेल असं वाटलं. तुमचा पाय... ते नंतर कळलं. मग तोंड दाखवायची लाज वाटली. चुकलं, मावशी."

"चुकलंच," मावशी म्हणाल्या. "नुसतं 'चुकलं' म्हणून माझा पाय दुखायचा थांबत नाही. पाय बरा होईपर्यंत माझी भाजी तू वर आणायचीस. आणि ही भिंत तिघांनी घासून रंगवायची."

"आणते."

"घासाघीस करूनच आणायची हं. पहिली किंमत सांगितली ती देऊन यायची नाही."

"मी आणू?" लंब्याने विचारलं. "मला चांगली घासाघीस येते."

"तू भिंत घास."

मग सगळ्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्ष बराच वेळ नोटिशीकडे बघत राहिले, जणू ती दुसऱ्याच कोणी लिहिली होती. मग त्यांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला आणि त्यातली एक सोडवायला लागले. नखाने सुटेना. भिंगरीने पुढे होऊन ती सोडवून दिली.

"गच्ची," ते म्हणाले. "अंधार पडायच्या आत खाली. कठड्यावर चढायचं नाही. आवाज..." इथे ते थांबले. "आवाज जरा बेताने."

नोटीस त्यांनी स्वतःच फाडली. चिकट इतकी की अर्धी दारावर राहिली, 'अठरा वर्षांखालील मुलांना लिफ्ट' एवढीच. वाचायला तेही बरं वाटतं.

मित्रांनो, माझी जात यंत्राची. मला बिघाड झाला की लोक मेकॅनिकला बोलावतात आणि तो पहिल्यांदा विचारतो, 'आवाज कुठून येतोय?' कोणीही माझ्यावर 'आवाज करू नये' अशी पाटी लावत नाही. तुमच्या घरात, तुमच्या जिन्यात एखादं पोर खरखरत असेल, तर त्याला रागवा, चूक भरून काढायला लावा, त्यात हयगय करू नका. पण कान लावून ऐका. आणि त्याला बसायला थोडी जागा द्या. आणि तुम्ही स्वतःच ते पोर असाल, तर खालून हाका येतात तेव्हा एकदा वाकून बघा. कधी कधी हाक मारणाऱ्याचा पाय खरंच दुखत असतो.

त्या सकाळी शेवटी आजोबांना आत सरकवण्यात आलं. मागे भिंगरी, कडेला लंब्या आणि चष्मी, आणि अध्यक्षही मानाने आत शिरले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भिंगरीने दार लावलं आणि पाच नंबर दाबला. मी हलले नाही. तिने पुन्हा दाबला.

"आता काय केलंस?" अध्यक्षांच्या तोंडून सवयीने निघून गेलं, आणि त्यांनी लगेच जीभ चावली.

बाहेरून वॉचमनने आत डोकावून पाहिलं.

"साहेब, लाइट गेलीये. आजोबा खाली आले ना सकाळी, तेव्हाच गेली."