पुंजाराम मास्तरचा कान

शेजारच्या आप्पासाहेबांचं कुत्रं तीन दिवसांपासून पुंजारामच्या अंगणात पाऊल टाकत नाही.

आवडाबाईनं देवासाठी वाती कधी विकत आणल्या नाहीत.

कारखान्यातली पत्रा दाबणारी दीडशे टनाची प्रेस मिनिटाला अठरा वेळा खाली येते.

आवाज टोचला की गिटारवाल्या कारभारीचा डावा डोळा आपोआप मिटतो. आत्ता तो मिटलेला आहे.

"नाय मास्तर. टोचतंय."

पुंजारामनं पेचकस टेबलावर आपटला. ही सातवी खेप.

"काय टोचतंय? कुठं टोचतंय? दाखव मला!"

"आवाज हाय तो. दाखवू कसा?"

कारभारी खाटेवर बसला होता. मांडीवर आडवी गिटार, डाव्या हातात पोलादी कांडी. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वीस वर्षं वाजवून त्याची मागणी एकच उरली होती: तारेवरून कांडी सरकली की माणूस गातोय असं वाटावं. छावणीतल्या बंद पडलेल्या क्लबातून त्यानं काचेच्या व्हॉल्व्हचा जुना ॲम्प्लिफायर आणला होता. यातून तसा आवाज निघेल अशी त्याची खात्री होती. आणि तो काढेल तर पुंजारामच, अशीही.

ही दुसरी खात्री पुंजारामला जपायची होती. चिकलठाण्याच्या कारखान्यात सव्वीस वर्षं तो प्रेसवरचा एक टोकन नंबर होता. सुटीच्या दिवशी घरी रेडिओ-ॲम्प्लिफायर उघडून बसला की मात्र तो मास्तर व्हायचा. शहरातले वाजवणारे म्हणत, मीटर लावू नका, मास्तरचा कान बास. निवृत्त होऊन चार महिने झाले. आता तेवढंच उरलं होतं.

आणि हा माणूस म्हणत होता, टोचतंय.

पहिल्यांदा जुने कंडेन्सर बदलले. आवाज मोकळा झाला. कारभारी म्हणाला, जरासक गोड करा. व्हॉल्व्ह बदलले. कारभारी म्हणाला, अजून. मग पुंजारामनं आवाजाच्या बटणाला एक बारका कंडेन्सर जोडला, त्यानं तारेला धार येते. कारभारी म्हणाला, कानात सुई घातल्यासारखं होतंय. काढला. काढल्यावर पुंजारामला सगळं गोधडीत तोंड घालून बोलल्यासारखं ऐकू यायला लागलं, म्हणून कारभारी गेल्यावर त्यानं तो गुपचूप परत जोडला. हे त्यानं तीनदा केलं.

"गोड गोड म्हणजे किती गोड? आवाज हाय का बासुंदी?"

"रविवारी कार्यक्रम हाय, मास्तर. नसंल जमत तं तसं सांगा. गुलमंडीवर ट्रान्झिस्टरचा तयार भेटतो."

"मंग घे की! डब्यात खडे वाजवल्यावानी वाजतो, तो घे! कामून येतूस मंग माझ्याकडं?"

कारभारीनं अजून तारेला हातही लावला नव्हता, तरी तोंड वाकडंच होतं.

"आता तं तू वाजवलं बी नाय. तोंड कशाला वाकडं करायलास?"

"वाजवलं नाय, तरी बी टोचतंय."

मागच्या दारातून पुंजारामची बायको आवडाबाई आली. दोन्ही हात पिठाचे.

"अहो, बंद करा ना ती शिट्टी. तीन दिस झाले, डोकं उठलं माझं."

"कसली शिट्टी?"

आवडाबाईनं कारभारीकडे पाहिलं. कारभारीनं गिटारकडे पाहिलं.

"ही काय. चालूच हाय की."

पुंजारामनं स्पीकरच्या जाळीला कान लावला. खाली एक घुमारा होता, मोठ्या भुंग्यासारखा. बाकी काही नव्हतं.

"दोघं मिळून येडं बनवायलेत व्हय मला?"

त्यानं बायकोला भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि आवाज न करता बटण कमी-जास्त करू लागला.

"आता?"

"हाय."

"आता?"

"गेली."

"आता?"

"गेलेलीच हाय. मला फसवता का?"

पाच वेळा. पाचही बरोबर.

तीन दिवसांपूर्वी त्यानं एका जुन्या रेडिओतला ट्रान्सफॉर्मर यात बसवला होता. तारा एकमेकींच्या फार जवळून गेल्या की ॲम्प्लिफायर स्वतःच शिट्टी मारायला लागतो, हे त्यानं किती जणांना शिकवलं होतं. आप्पासाहेबांच्या कुत्र्याला दगड कोण मारतं, असा प्रश्नही त्याला काल पडला होता.

तो स्टुलावर बसला.

"बस हितं," तो मग आवडाबाईला म्हणाला.

"अन् पीठ?"

"ऱ्हाऊ दे पीठ."

त्यानं बांबूची वाळकी काडी घेतली आणि डब्याच्या पोटातली एकेक तार हळूच बाजूला सारू लागला. लाल. पिवळी. आवडाबाई मान हलवत राहिली. निळी तार बोटभर सरकली.

"गेली."

ती तार त्यानं तिथंच बांधली. मग कटर घेऊन तो बारका कंडेन्सर स्वतःच तोडला आणि खिशात टाकला.

"वाजव."

कारभारीनं कांडी तारेवर ठेवली आणि सावकाश वर नेली. पुंजारामपर्यंत जे आलं ते गोधडीतूनच आलं. त्यानं स्पीकरच्या कागदावर बोटांची टोकं टेकवली. कागद थरथरत होता.

"कसं वाटायलंय?" त्यानं आवडाबाईला विचारलं.

"बाई गाती तसं. लांबच्या शेतात."

कारभारीचे दोन्ही डोळे उघडे होते, आणि ओले.

"हेच, मास्तर. हेच."

"मंग! सात खेपा काय बोंबलत होतो मी? घेऊन जा. आता पुन्हा टोचतंय म्हणून आलास तं..."

दारात कारभारी वळला. "शेवटी मास्तरचा कान!" तो म्हणाला. नेहमीपेक्षा थोडं मोठ्यानं.

ते पुंजारामच्या लक्षात आलं.

१९६८ साली, कामाच्या पहिल्या दिवशी, प्रेसवर उभं राहण्याआधी पुंजारामला कानात घालायला कापसाचा पुडा मिळाला. कापूस चांगला होता, पांढराशुभ्र. तो त्यानं आवडाबाईला वातींसाठी घरी आणला.