पायथ्याखालच्या दोन विटा

मित्रांनो, मी मुंजाबा धनगराची जुनी बाज. बाभळीचे चार पाय आणि काथ्याची वीण, एवढीच माझी इस्टेट. बिडकीनच्या सुताराने मला घडवलं, तेव्हा मुंजाबा मला डोक्यावर घेऊन दोन कोस चालत घरी आला होता. दिवसभर मेंढरांमागे हिंडणारा गडी तो. जेवून पाठ टेकण्यापुरतीच आमची गाठ पडायची.

मग दुष्काळ पडला. चराईच्या माळावर कारखान्यांचे रस्ते आले, मेंढरं टँकरच्या पाण्यावर आली, आणि त्यातच मुंजाबाला धाप लागू लागली. दहा पावलं चालला की माझ्यावर बसायचा. बायकोशी, बानाबाईशी, भांडायलाही दम पुरेना. शिवी अर्ध्यातच राहायची बिचाऱ्याची. माझा भाव मात्र वधारला. खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटायचं.

संभाजीनगरच्या डॉक्टरांनी छाती न फाडता, मांडीच्या धमनीतून नळी घालून हृदयात नवी झडप बसवली. चौथ्या दिवशी स्वारी घरी. रोज थोडं थोडं चाला, असंही त्यांनी बजावलं होतं. पण बानाबाईने मनाशी ठरवलं की जी वस्तू पायातून वर गेली, ती चालल्यावर पायातूनच खाली येणार. झालं! माझ्या पायथ्याखाली दोन विटा आल्या. मुंजाबाचे पाय वर, डोकं खाली, आणि उठायची बंदी. महिनाभर माणसं बिस्किटपुडे घेऊन भेटायला येत होती आणि हा वटवाघळासारखा उलटा नमस्कार करत होता. बाहेर मेंढरू ओरडलं की त्याची बोटं माझ्या काथ्यात रुतायची. तेव्हा मात्र मला माझ्या मोठेपणाची लाज वाटायची.

एक दिवस बानाबाई टँकरवर गेली, तशी मुंजाबाने घोंगडीखाली दोन उशा निजवल्या आणि धूम ठोकली. नेमका त्याच वेळी तिचा भाऊ सांडू वैजापूरहून भेटायला आला. "दाजी, दाजी" करत त्याने घोंगडीवर हात ठेवला. काही हललं नाही. पाय चाचपले, तर पायच नाहीत. त्याने गळा काढला. दारात पोचलेल्या बानाबाईचा हंडा निसटला, एवढं मोलाचं पाणी मातीत गेलं. मला सगळं ठाऊक होतं, पण बाजेला तोंड कुठलं?

तेवढ्यात खांद्यावर कोकरू घेऊन मुंजाबा आला.

"कोण गेलं रं, सांडू?"

बानाबाई आधी रडली, मग तिच्या तोंडाचा पट्टा सुटला. मुंजाबानेही आवाज चढवला. चांगली पाव तास जुंपली. मधेच तिने त्याच्या छातीकडे पाहिलं.

"तुमाला धाप नाय लागली," ती म्हणाली.

"व्हय. माळापत्तोर जाऊन आलो, आन् आता तुझ्याशी भांडतोय. झडप निसटायची असती तर कवाच निसटली असती."

"मला लई भ्या वाटतं."

"मलाबी वाटतं. पर पडूनच ऱ्हायचं, तर जुनी झडप काय वाईट व्हती?"

बानाबाईने पदराने डोळे पुसले आणि खाली वाकून विटा काढल्या.

आता मी दिवसभर रिकामी असते. ते कोकरू माझ्यावर चढून काथ्या चावतं. मित्रांनो, माझी वीण सैल झालीय, जमलं तर आवळा. पण बऱ्या झालेल्या माणसाला मायेपोटी माझ्यावर डांबून ठेवू नका. मुंजाबा हल्ली शिवी पुरी देतो. आणि बानाबाई ती शेवटपर्यंत ऐकून घेते.