नको म्हणायची रीत

“नो आब्लेस. नो कोमास. नो आब्रास.” राजेश्वरी वेणी घालता घालता पुटपुटत होती. ‘नको’ म्हणायची वेळ आली की स्पॅनिशची क्रियापदं रंग बदलतात. शेवटी आर असलेल्यांना ए लावायचा, एर-इरवाल्यांना आ. नेमकं तिथंच तिचं दरवेळी चुकायचं. आणि पुण्याहून तार आलेली, दुभाषीच्या नोकरीची मुलाखत आजच!

“कसला जप लावलायस गं?” अंगणात मेंढरं मोकळी करता करता वडिलांनी, संभाजीआबांनी, विचारलं.

“नको म्हणायला शिकतीय, आबा. बोलू नको, खाऊ नको, उघडू नको.”

“त्यासाठनं पुण्याला कशाला ग्येलीस? आयपाशी बसायचं की!”

चुलीपाशी आईनं, ठमाबाईंनी, भाकरी तव्यात आपटली. दुपारी पिंपळीची माणसं राजेश्वरीला बघायला यायची होती आणि ही बया कळस गाव सोडून निघाली पुण्याला!

“राजे, आज जाऊ नगंस,” पहाटेपासून त्यांचा हाच धोशा.

आबा मात्र व्हय म्हणेनात, न्हाय म्हणेनात. राजेश्वरीला भीती वाटत होती ती त्यांच्या गप्प राहण्याचीच. आबांनी अडवलं असतं तर तिचा पाय निघाला नसता.

“तुमी मेंढरांना नको कसं म्हणता?” तिनं उगाच विचारलं.

“मेंढराला नको कळत न्हाय. अडवायचं तर म्होरं हुबं ऱ्हायाचं. धाडायचं तर मागं, अन् हुर्र म्हणायचं.” काठी उचलून ते बाहेर पडले.

पिशवी घेऊन ती निघाली, तर आबा कुंपणाच्या तोंडाशी, ऐन वाटेत उभे. काठी आडवी धरलेली. फाट्यावर एसटी यायची वेळ झाली होती. तिनं पिशवी खाली ठेवली.

आबांनी तिच्याकडं नीट पाहिलं. मग काठी खांद्यावर टाकली, तिला वळसा घालून मागं गेले आणि तिथं उभे राहिले.

“आवं, तुमी तरी अडवा की तिला!” ठमाबाई ओरडल्या.

आबा जागचे हलले नाहीत. राजेश्वरीचे डोळे भरून आले. तिनं पिशवी उचलली.

“थांब की गं!” ठमाबाई धुसफुसतच धावत आल्या. फडक्यात बांधलेली गरम भाकरी त्यांनी तिच्या हातात कोंबली. “उपाशी जाऊ नगंस.”

“हुर्र,” मागून आबा म्हणाले.