शाई माझी, चुका त्यांच्या

मित्रांनो, मी एक जुना प्रिंटर आहे. माणसे काय काय छापायला देतात हे मी इतकी वर्षे पाहिले आहे, त्यामुळे माझ्या तोंडून कौतुकाची अपेक्षा ठेवू नका.

कारखान्यात माझ्यातून पहिला कागद निघाला तेव्हा त्यावर एकही डाग नव्हता. मग भावोजी मला काखोटीला मारून या घरात घेऊन आले. भावोजी म्हणजे वहिनींचे धाकटे दीर. त्यांना सगळ्यातले सगळे कळते, असे त्यांचे स्वतःचे मत आहे. सुरुवातीला माझे काय ते लाड! "अक्षर बघा, मोत्यासारखं!" असे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. पुढे सगळे फोनवरच वाचू लागले आणि माझ्या डोक्यावर इस्त्रीचे कपडे येऊन बसले.

वहिनी दातांच्या दवाखान्यात पेशंटची नावे पुकारायला बसतात. घरी आल्या की पर्स खांद्यावरून न काढताच कीबोर्ड सुरू करतात. त्या कानाने शिकलेल्या. सुचलेल्या चाली वाजवायच्या आणि कॉम्प्युटरमध्ये साठवायच्या, एवढेच त्यांना ठाऊक. घरात ते कुणी ऐकत नसे. मी ऐकत असे, कारण मला उठून जाता येत नव्हते.

दवाखान्यात एक पियानोवाल्या बाई दाढ दाखवायला येत. त्यांचे छोटेखानी कार्यक्रम होत असत. वहिनींनी धीर करून त्यांना फोनवर एक चाल ऐकवली.

"बरी आहे," बाई म्हणाल्या. "पण मी ऐकून वाजवत नाही. सूर कागदावर लिहून, नोटेशन आणा, मग बघू."

वहिनींना नोटेशनचा गंध नव्हता. भावोजी मात्र खुर्ची ओढून तयार. "त्यात काय, वहिनी! सॉफ्टवेअरमध्ये फाइल टाकायची, की कागद बाहेर. फुकट मिळतं. पैसे काय वर आलेत?"

माझ्यावरचे कपडे निघाले आणि माझी अब्रूही. त्या फुकटच्या सॉफ्टवेअरने वहिनींचे बोट केसभर उशिरा पडले तरी तेही इमानेइतबारे लिहून काढले. एका लांब, शांत सुराचे तुकडे तुकडे झाले. पान काळेकुट्ट. बाईंनी ते दोन बोटांत धरून परत केले. "हे संगीत आहे की मुंग्यांची रांग?"

मग भावोजींनी दुसरे शोधले. ते म्हणे नुसत्या रेकॉर्डिंगवरून लिहिते. रेकॉर्डिंग चालू असताना दाराची बेल वाजली, तर त्या दिवट्याने बेलही वरच्या पट्टीत लिहिली. पंख्याची घरघर खाली डाव्या हाताला. "थोडं इकडंतिकडं होणारच," भावोजी म्हणाले. तिसरे भलतेच महाग. ते विकत घेण्याआधी वापरून पाहायला मिळाले, पण पानभर आडवे कंपनीचे नाव. शाई माझी, जाहिरात त्यांची! आणि फुकटाचे गोडवे गाणारे हेच भावोजी आता म्हणतात, "महाग आहे म्हणजे चांगलंच असणार. घेऊन टाकू."

"भावोजी, उठा," वहिनी म्हणाल्या. "मला बसू द्या."

त्यांनी चालीची फक्त सुरुवात घेतली आणि तेवढाच तुकडा तीन-चार स्वस्त सॉफ्टवेअरमध्ये टाकून पाहिला. चुका सगळ्यांनीच केल्या. वहिनी एवढेच बघत होत्या, की ती चूक आपल्याला दुरुस्त करता येते का. एक साधेसुधे निघाले. ते लिहिण्याआधी विचारायचे, सर्वांत छोटा सूर केवढा धरू, कुठले सूर उजव्या हाताचे, कुठले डाव्या. चुकलेला सूर हाताने हलवता यायचा, लगेच ऐकताही यायचा. किंमत भावोजींच्या नव्या बुटांपेक्षा कमी. वहिनींनी ते घेतले, ठोक्याच्या टिकटिकीवर सगळी चाल पुन्हा वाजवली आणि दुरुस्तीला लागल्या. दुरुस्त करायचे तर वाचता यायला हवे, म्हणून त्या नोटेशनही शिकल्या. मध्ये माझी शाई वाळली, तेव्हा ओल्या फडक्याने माझे तोंड पुसणाऱ्या त्या एकट्याच.

शेवटी पियानोवाल्या बाई घरी आल्या. "या खेळण्यावर वाजवू?" म्हणत कीबोर्डसमोर बसल्या. पान सरळ वाजू लागले. अर्ध्यावर त्या थांबल्या.

"इथे चूक आहे. हा सूर इथे बसत नाही. तुमच्या मशीनने घोळ घातलाय."

"तरी मी म्हणत होतो, महागातलं घ्या," भावोजी म्हणाले.

वहिनींनी पानावरच्या त्या सुराखाली बोट ठेवले. "तो मशीनचा नाही, माझा आहे. तसाच वाजवा."

बाईंनी चष्मा नीट केला आणि पहिल्यापासून वाजवले. या वेळी त्या सुरावर लिहिल्यापेक्षा जरा जास्तच रेंगाळल्या.

"एक स्वच्छ प्रत द्या," बाई म्हणाल्या. "आणि कार्यक्रमपत्रिकेत तुमचं नाव काय लिहू?"

वहिनींनी नाव सांगितले. इतक्या वर्षांत या घरात ते मी पहिल्यांदाच ऐकले.

मित्रांनो, एक विनंती. माझ्यासारख्याला आठवड्यातून एक तरी पान छापू द्या, म्हणजे शाई वाळत नाही. आणि यंत्राने लिहिलेले पान स्वतः वाचल्याशिवाय कुणापुढे ठेवू नका. वाचता येत नसेल तर शिका. वहिनी शिकल्या. भावोजी अजून नवे काहीतरी फुकटात शोधत आहेत.