मरहूनच्या वरच्या वाफ्याचं पाणी

जबल अख्दर डोंगराच्या कड्यावर, ढगांना खांदा लावून बसलेल्या त्या गावात एके काळी गुलाबाचा वास एवढा जड पडायचा, की खालून येणारी गाढवं शेवटच्या वळणावर बसकण मारायची. पाठीवरचं ओझं त्यांना पेलायचं, वास पेलायचा नाही. पायथ्याच्या निझवा शहरातला एक व्यापारी तर म्हणे रिकाम्या हातांनी वर आला, छाती भरून श्वास घेतला, तोंड घट्ट दाबून तसाच खाली उतरला आणि भर बाजारात तो श्वास अत्तर म्हणून विकून मोकळा झाला. हे सगळं म्हातारा मरहून सांगायचा. मरहूनच्या बोलण्यातले तीन हिस्से सोडायचे आणि चौथा धरायचा, अशी गावाची रीत होती.

यंदा मात्र चौथा हिस्सा धरायलाही कुणी बसलं नव्हतं. पावसानं सलग पाठ फिरवलेली, पाटाचं पाणी करंगळीएवढं झालेलं. मरहूनची शेतं डोंगराच्या अंगावर पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेली; त्यांतल्या खालच्या सगळ्या पायऱ्यांवर नुसत्या काटक्या उभ्या होत्या. फुलं आली ती फक्त सगळ्यात वरच्या, कड्याच्या सावलीतल्या वाफ्यात. तीही भट्टीच्या एका मडक्यापुरती. मूठभर इकडेतिकडे झाली तर मडकं भरणार नाही अशी.

आणि त्या एका मडक्याचं गुलाबपाणी उतरवणं भाग होतं. पाणी तुटलं की गावाचा कायदा साधा होता: ज्याच्या भट्टीतून त्या मोसमात गुलाबपाणी उतरलं, त्याच्याच झाडांना उन्हाळ्याचं पाणी. पाटाचं पाणी वाटणारा पाटकरी घरोघर यायचा, तळहात पुढं करायचा, त्यावर ताजं गुलाबपाणी घ्यायचा आणि हुंगायचा. वास आला तर पाटातून वाफ्यात पाणी सोडणारं दारं उघडं. नाही आला तर त्या वाफ्याकडे जाणारं दारं दगडमातीनं बुजवायचं, ते पाणी दुसऱ्याला. यंदाचा पाटकरी हिलाल आज जुम्म्याच्या नमाजनंतर मरहूनकडे यायचा होता. मरहूनचं घर शेवटचं.

पहाटे मरहूनची बायको झुवैना टोपली घेऊन वरच्या वाफ्यात उभी राहिली. मरहून आडवा आला.

"थांब. हात लावू नकोस."

"उजाडायच्या आत तोडायची असतात हे आता मी तुम्हाला सांगू?"

"पोरी येतायत. शम्सा काल काय म्हणाली, ऐकलंस ना? 'बाबा, मुलींना स्वतःच्या हातानं तोडायचीयत.'"

शम्सा ही त्यांची एकुलती एक लेक. समुद्रकाठी सोहारला दिलेली. दर मोसमात नवऱ्याला, म्हणजे बदरला, आणि दोन मुलींना घेऊन ती गुलाब बघायला यायची. आधी आठवडाभर राहायची, मग दोन दिवस, मग सकाळी येऊन संध्याकाळी परत. गेल्या वर्षी जावयाच्या गाडीचं इंजिनसुद्धा गार झालं नव्हतं.

"आणि ऊन चढलं म्हणजे?" झुवैना म्हणाली.

"या वाफ्यावर ऊन उशिरा येतं. कड्याला माझी भीती वाटते, तो सावली धरून ठेवतो."

"कड्याला वाटत असेल. उन्हाला वाटत नाही." ती टोपली दगडावर आपटून म्हणाली, "मडकं नाही भरलं तर हिलालच्या हातावर काय ओतणार? तुमची थुंकी?"

"माझ्या थुंकीलाही गुलाबाचा वास आहे. माझी आई म्हणायची."

झुवैना हसली नाही. हल्ली ती हसायचं विसरत चालली होती. बोटांचे सांधे सुजलेले. काट्यांतून फूल खुडताना तिचा चेहरा आंबट व्हायचा. मरहूनला ते दिसत होतं. पण त्याला आणखीही एक दिसत होतं. नाती एकदा दवात हात घालून फुलं तोडतील, बोटांना चार दिवस वास राहील, तो सोहारच्या शाळेत जाईल आणि त्या वासाच्या मागं पुढच्या वर्षी त्या पुन्हा येतील. पाणी मिळवायचं ते कुणासाठी, नाही तर?

म्हणून तो फुलं राखत बसला. जरा उजाडलं तसा फोन वाजला.

"बाबा, आम्हाला खाली नाक्यावर अडवलंय," शम्सा म्हणाली. "बदरनं नवी गाडी आणलीय ना, ती वर सोडत नाहीत. चारही चाकं ओढणारी पाहिजे म्हणे."

डोंगराच्या पायथ्याशी नाका आहे आणि साध्या गाडीला घाटात सोडत नाहीत, हे त्या डोंगरावर जन्मलेल्या शेळीलाही ठाऊक असतं. शम्सा तर तिथंच वाढलेली.

"अगं, तुला माहीत नव्हतं?"

"विसरले हो बाबा. आता भाड्याची गाडी बघतोय. सुट्टीमुळे रांग आहे. तुम्ही फुलं ठेवा हं, मुली नाचतायत."

"ठेवतो," मरहून म्हणाला. "फुलांनाच सांगतो, थांबा म्हणून. माझं ऐकतात ती."

झुवैना पाठ फिरवून कॉफी उकळायला गेली.

नाती आल्या नाहीत, पण पाहुणे आले. एक मोठी पांढरी गाडी खाली थांबली आणि तिच्यातून अख्खं कुटुंब उतरलं: इस्त्रीच्या कडक झग्यातला बाप, काळा चष्मा लावलेली आई, त्यांची तीन मुलं आणि एक जाडजूड आजी. आजी गाडीतून निघता निघेना, तेव्हा तिला बुचासारखी फिरवून काढावी लागली. ही मंडळी समुद्राकडच्या बरका शहरातून आलेली. धापा टाकत वर चढली.

"सलाम काका! गुलाबांची बाग ती हीच ना? मोबाइलवर दाखवलीय."

मोबाइलवर दाखवली होती ती कुठल्या तरी भल्या वर्षाची बाग. पण दारात आलेल्याला कॉफीच्या आधी 'नाही' म्हणायचं ही गोष्ट त्या डोंगरावर अजून कुणी केलेली नाही. मरहूननं चटई टाकली. खजूर आले. झुवैनानं पाहुण्याच्या हातात पहिला पेला दिला.

आणि पाहुण्यानं तो न पिता समोर ठेवला.

त्या डोंगरावर याचा अर्थ एकच. न पिता ठेवलेला पेला म्हणजे मागणं. पाहुणा काही मागायला आलाय, आणि यजमान 'दिलं' म्हणेपर्यंत तो घोट घेणार नाही. असं मागणं फिरवलं, तर त्या घरची कॉफी पुन्हा कुणी तोंडाला लावत नाही. मरहूनच्या बापानं अशाच एका पेल्यापायी आपलं सगळ्यात चांगलं गाढव देऊन टाकलं होतं. मरहून सांगायचा तेव्हा त्या गाढवाचा उंट व्हायचा, पण पेला खरा होता.

पाहुणा तिकडं वळून मोबाइलमधून कडा टिपत होता. पेला समोर निवत होता.

"बोला," मरहून खोल आवाजात म्हणाला. "मनात काय असेल ते मागा."

पाहुणा दचकला. बायकोकडं बघून म्हणाला, "काही नाही हो काका. म्हणजे... मुलांना फुलं तोडायला मिळाली तर? एवढ्या लांबून आलोय."

झुवैना पाहुण्यांच्या मागं उभी होती. तिनं मान हलवली. नाही. मग जोरात हलवली.

"दिली," मरहून म्हणाला.

कुणाच्याही मुलांना फुलं तोडायला सांगितलं की ती फुलं तोडत नाहीत, झाड ओरबाडतात. पोरं वाफ्यात घुसली. बाप ओरडला, "उधळा! वर उधळा, आईच्या डोक्यावर!" आई चष्मा सावरत हसली. पाकळ्या उडाल्या. "पुन्हा! नीट आलं नाही. रशीदचं डोकं मध्ये आलं." पुन्हा उडाल्या. एवढ्यात कड्यानंही हात टेकले आणि ऊन वाफ्यात उतरलं. चटईवर बसून आजी खजूर खात होती. गुडघ्यावर पडलेली एक पाकळी उचलून तिनं नाकाशी नेली आणि टाकली.

"आमच्या वेळी वास असायचा, बाई," ती झुवैनाला म्हणाली.

"आमच्याही," झुवैना म्हणाली.

मंडळी निघाली तेव्हा पेला तसाच भरलेला होता. मरहूननं शेवटी विचारलंच, "आता तरी प्या. मागितलंत ते दिलं."

"अहो काका, मला कॉफी चालत नाही," पाहुणा छातीवर हात ठेवून अगदी अजिजीनं म्हणाला. "जळजळ होते. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून हातात घेतली होती."

  गाडी वळणाआड गेली आणि फोन वाजला.

"बाबा," शम्साचा आवाज बारीक झाला होता. "भाड्याची गाडी दुपारनंतर मिळेल म्हणतात. उन्हात मुली रडायला लागल्या. बदर म्हणतो, निझव्यात आइस्क्रीम खाऊ आणि परत फिरू. पुढच्या वर्षी नक्की. आधीच मोठी गाडी करून येऊ. रागावलात का?"

"छे गं. बरंच झालं. इथं एवढी गर्दी आहे की तुला बसायला जागा मिळाली नसती."

"आणि फुलं?"

"फुलांचं काय विचारतेस! तोडून तोडून हात दुखले."

फोन ठेवला तेव्हा झुवैना गुडघ्यांवर बसून मातीतल्या पाकळ्या वेचत होती. तोही शेजारी बसला. उन्हानं शिजलेल्या, पायाखाली आलेल्या पाकळ्या. निम्म्यांवर बुटाची नक्षी. दोघांनी फुंकून फुंकून त्या मडक्यात भरल्या. मडकं अर्धंही झालं नाही. मरहूननं त्यात डाळिंबाची फुलं टाकली, वाळका पुदिना टाकला, झुवैनाच्या पेटीतली गेल्या सालची चुरा झालेली फुलं टाकली. भट्टीत रानजैतुनाची लाकडं सारली. मडक्यात, वाफेचे थेंब धरायला, तांब्याचं भांडं टांगलं, तोंडावर गार पाणी भरलेलं झाकण बसवलं आणि धूर असा काढला की खालच्या गावात लोकांना वाटावं, मरहूनकडे यंदा डोंगर फुललाय.

"धूर कशाला एवढा?" झुवैना खोकत म्हणाली.

"धुरात नाक चुकतं."

"हिलालचं नाक चुकत नाही. तो पाळण्यात असताना त्याच्या आईनं दूध बदललं तर शेळीचं नाव सांगायचा. तुम्हीच सांगता सगळ्यांना."

नमाजनंतर हिलाल आला. चाळिशीचा, कंबरेत वाकलेला, खांद्यावर फावडं. कॉफी प्यायला, खजूर खाल्ला, भट्टीकडं एकदा बघितलं. मग तळहात पुढं केला.

मरहूननं झाकण काढलं आणि तांब्याच्या भांड्यातून त्याच्या हातावर चार थेंब ओतले. हिलालनं हात नाकाशी नेला. बराच वेळ तसाच धरला. धुराचा वास होता. पुदिन्याचा होता. मातीचा होता.

"काका," हिलाल हात झग्याला पुसत म्हणाला, "मला काल रात्रीपासून सर्दी आहे. काहीच कळत नाही. तुम्ही सांगाल ते मी मशिदीत सांगेन."

हिलालचं नाक दगडासारखं कोरडं होतं. इतका वेळ बसून त्यानं एकदाही ते ओढलं नव्हतं. मरहूनला सगळं समजलं. त्याच्या तोंडाशी आलं होतं की हिलाल, हे असलं गुलाबपाणी माझ्या आजोबांनीही उतरवलं नव्हतं, एक थेंब समुद्रात टाकला तर मासे हुंगायला वर येतील. त्यानं तोंड उघडलंही.

"हिलाल," झुवैना मध्येच म्हणाली, "पाणी दिलंस तर पुढच्या वर्षी फुलं येतील?"

"येतील काकू. का नाही?"

"ती तोडणार कोण?"

"तुम्ही दोघं. आणि शम्सा आहे की."

"शम्सा नाक्यावरून परत गेली." तिनं आपली बोटं पुढं केली. ती पुरती उघडत नव्हती, मिटतही नव्हती. "यंदा आपल्या खालच्या शेजारणीकडं, सालिमाकडं, तीन सुना तोडत होत्या. त्यांच्या झाडांना पाणी कमी पडतंय ना?"

"पडतंय," हिलाल जमिनीकडं बघत म्हणाला.

"मग कशाला सर्दी काढतोस?"

मरहून तिच्याकडं बघत राहिला. तिचा आवाज भांडणाचा नव्हता, म्हणून त्याला भांडता येईना. तो म्हणाला, "अगं, पुढच्या वर्षी मोठी गाडी करून येणार आहेत त्या."  त्यानं पुन्हा म्हणून बघितलं, "मुली नाचत होत्या म्हणे." हेही त्याच्या बोलण्यातलंच एक आहे असं समजून हिलालनं मान हलवली. आणि नेमकं तेवढंच खरं होतं.

हिलाल उठला, पण फावडं उचलताना त्याची कंबर धरली. मरहूननं त्याच्या हातून फावडं काढून घेतलं.

"दे इकडं. दारं बुजवणं तुझ्यानं व्हायचं नाही."

वरच्या वाफ्याकडे पाट जिथं फुटत होता तिथं तिघं गेली. करंगळीएवढं पाणी खडकावरून येऊन दारातून आत वळत होतं. मरहून खाली बसला. आधी चपटा दगड लावला, त्याच्या कडेला चिंध्या कोंबल्या, मग ओली माती थापली. आयुष्यभर हजारदा उघडलेलं आणि लावलेलं दारं. कुठून गळतं, हे त्याच्या अंगठ्याला ठाऊक होतं.

"काका, राहू द्या," हिलाल हळू म्हणाला. "या अंगाला थोडं गळू द्या. मी काही बघितलं नाही."

मरहूननं त्या अंगाला आणखी माती लावली आणि अंगठ्यानं दाबली.

"गळकं दारं बघून लोक म्हणतील, मरहूनला दारं लावता येत नव्हतं."

पाणी क्षणभर तुंबलं, फुगलं, मग वळून खाली सालिमाच्या शेताकडं निघून गेलं. मरहून तिथंच बसून बघत राहिला. आतल्या बाजूचा ओला पट्टा उन्हात हळूहळू फिकट होत चालला होता. दगडाखालून एक थेंबही आला नाही.