तुऱ्यातलं पाणी

ड्रायव्हरचा फोन आला तेव्हा मी गाईची धार काढून हात धूत होतो.

"काका, बाई बोलून खाली बसल्या. पाणी मागितलं. मी ग्लास आणेपर्यंत गेल्या."

सकाळचे साडेनऊ झाले होते. माझी बायको एका शाळेच्या पडवीत गावकऱ्यांची माफी मागायला गेली होती. यादीत एकेचाळीस गावं होती. हे तिसावं.

ती राजकारणात आली ती एका कारकुनामुळं. शेती कार्यालयात त्यानं तिला सांगितलं, "नवऱ्याला पाठवा." ही म्हणाली, "नवरा नांगरतोय. माझ्याशी बोला." त्या वर्षी ती गावाच्या समितीवर निवडून आली. मग जिल्हा, मग विधानसभा. बावन्नाव्या वर्षी राज्याची शेतीमंत्री झाली. मी रानातच राहिलो. मला तेच जमत होतं.

मंत्री झाल्यावर तिच्यापुढं कोरडवाहू मक्याचं नवीन बियाणं आलं. अधिकारी म्हणाले, अजून दोन वर्षं चाचण्या घेऊ. तिला कागदावरचं पीक कधी पटलं नाही. "आपल्या रानात आलं तर मी सही करीन," म्हणाली आणि विहिरीजवळचा अर्धा एकर त्याला दिला.

"अहो, पडेल तेवढाच पाऊस. वरून एक थेंब द्यायचा नाही."

"वाळलं तर?"

"वाळलं तर वाळलं. तेच तर बघायचंय."

मका तुऱ्यात आला आणि पाऊस गेला. पानांच्या सुरळ्या झाल्या. आमचा शेजारी, ज्याला सगळे रेडिओ म्हणतात, रोज बांधावर उभा राहायचा. "काय मंत्रीणबाईंचे यजमान, मका पिकवताय की सरपण?" मी हसण्यावारी न्यायचो. पण तो हे चार ठिकाणी बोलणार, तिचं हसं होणार, हे डोक्यातून जाईना. एका दुपारी गडी जेवायला गेले तेव्हा मी मोटर चालू केली आणि पाण्याची एक पाळी दिली. एकच. पण तुऱ्यात आलेल्या मक्याचा दाणा तेवढ्या एका पाण्यावर भरतो, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती.

पुढं ती घरी आली ती गाडीतून उतरून थेट रानात. कणीस सोलून दाणा नखानं दाबला. "दाणा भरलाय हो!" मुलगी झाली तेव्हा तिचा चेहरा असा फुलला होता, त्यानंतर आत्ता. मी ठरवलं, जेवण झालं की सांगू. जेवता जेवताच तिचा फोन वाजायला लागला. सोमवारी तिनं सही केली. ते कणीस विधानसभेत हातात धरून म्हणाली, "हे माझ्या घरच्या रानातलं. एक थेंब पाणी न देता."

दुसऱ्या वर्षी एकेचाळीस गावांनी तो मका पेरला. पावसानं नेमका तुऱ्यात दगा दिला. कणसं आली, दाणा आला नाही. विरोधक तिला पोकळ कणीस म्हणू लागले. मेहुणा म्हणाला, "ताई, अधिकाऱ्यांवर ढकल. सही तर सगळेच करतात."

"ते नको म्हणत होते. सही माझी, रान माझं, चूक माझी," ती म्हणाली. राजीनामा दिला आणि गावांची यादी करायला बसली.

यादी करता करता मला विचारलं, "अहो, मग आपल्याकडं कसं आलं? आपली जमीन ओल धरते का?"

मी म्हणालो, "धरत असेल."

तीस वर्षांच्या संसारात मी तिच्याशी एवढं एकच खोटं बोललो. तेच ती गावोगाव सांगत राहिली. "माझी जमीन ओल धरते, हे मला कळायला हवं होतं. मला माफ करा." काही ठिकाणी लोक उठून गेले. एका गावात एक म्हातारी तिला म्हणाली, "शेतकऱ्याची पोर ना तू? मग तुला तुझी जमीन कळली नाही?" घरी आल्यावर तिनं हे मला तीनदा बोलून दाखवलं. मी चहा ढवळत बसलो.

काल ड्रायव्हर यादी घेऊन आला. एकोणतीस गावांपुढं तिच्या हातची खूण आहे. तिसाव्यापुढं त्यानं स्वतः केली.

"काका, बाकीची गावं विचारतायत. येता का?"

मेहुणा मध्येच बोलला, "दाजी, तुम्ही नुसते हात जोडा. बोलायचं माझ्याकडं."

"नाही," मी म्हणालो. "बोलायचं मलाच आहे."

"काय बोलणार?"

"यादी ठेवून जा," मी ड्रायव्हरला म्हणालो. तो रिकामी गाडी घेऊन गेला.

यादी माझ्यापुढं आहे. अकरा गावं राहिली आहेत. आणि ज्या तीस गावांत ती जमिनीची ओल सांगून आली, तिथं जाऊन मोटर मी चालू केली होती हे सांगायचं राहिलं आहे.