शेजारच्या सीटचं वजन

विजयाला जाऊन आठवडाही झाला नव्हता. उद्या वसंतराव बायकोच्या अस्थी घेऊन सापुताऱ्याच्या घाटानं नाशिकला निघणार होते, आणि तेही दोन सीटच्या त्या लाल गाडीतून. भावानं जीप देऊ केली होती. त्यांनी ऐकलं नाही. बँकेतून निवृत्त झाल्यावर विजयाच्याच हट्टानं ही गाडी घेतली होती, घाटात हिंडायला म्हणून. एकदाही जाणं झालं नाही.

डिंडोलीच्या गॅरेजवाल्या वाल्मिकला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो कालच गावाकडच्या लग्नाहून परतला होता.

"घाटात जायचंय. शॉकअप लावून दे नीट."

"कडक करू का नरम? कडक केले तर वळणावर गाडी झुकणार नाही, पण खड्ड्यात दणके बसतील. ताईंची कंबर?"

"कडक कर."

"मग शिव्या तुम्हीच खा. मागं ताई काय म्हणाल्या, आठवतं ना? 'वाल्मिक, आधी ह्यांना पान्यानं जरा ढिलं कर, मग गाडीकडं बघ!'" तो हसला.

वसंतरावांच्या घरी येणारी माणसं कळल्यावरच येत. 'विजया गेली' असं ते स्वतःच्या तोंडानं अजून कुणालाच म्हणाले नव्हते.

"बसणाऱ्यांच्या वजनावर गाडी सरळ करतो. ताईंचं किती धरू?"

"पंचावन्न." ते आजारपणाआधीचं होतं.

वाल्मिकनं शेजारच्या गोदामातून साडीच्या कापडाचे ताके तोलून आणले, डाव्या सीटवर रचले, वरून पट्टा आवळला. वसंतरावांना स्टिअरिंगवर बसवलं आणि स्प्रिंगांची उंची ठरवणाऱ्या रिंगा फिरवून गाडी सरळ केली. कापड गुलाबी फुलांचं होतं. वसंतराव त्याच्याकडं बघत राहिले. उतरा म्हटलं तरी उतरेनात.

"साहेब, ताई नक्की येणार ना? बायका ऐन वेळी नाही म्हणतात. एकटे गेलात तर डावी बाजू उचललेली राहील, उतारावर गाडी सांभाळता येणार नाही."

"ती नाही येणार," वसंतराव म्हणाले. "शुक्रवारी गेली ती, वाल्मिक. अस्थी घेऊन चाललोय."

वाल्मिकनं हातातला पाना खाली ठेवला.

"काय व्हयनं हो हे, साहेब..." काय झालं हे, असं तो गावाकडच्या बोलीत म्हणाला.

त्यानं खाली बघत विचारलं, "मग डाव्या सीटवर?"

"मडकं."

"त्याचं कितीसं वजन धरू..." बोलता बोलता त्यानं जीभ चावली.

"धरू नकोस," वसंतराव म्हणाले. "एकट्याचं लाव."

ताके उतरले. रिंगा पुन्हा फिरल्या. एकट्या माणसाला घेऊन गाडी सरळ उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी घाटात प्रत्येक वळणाला ते वाट बघत होते, की गाडी कुठंतरी कलेल, शेजारी कुणी नाही हे तिला तरी जाणवेल. गाडी जराही कलली नाही. वाल्मिकचं काम चोख होतं. वसंतरावांना त्या चोखपणाचाच राग आला, आणि उतार संपेपर्यंत तो गेला नाही.